पाठीतलं पाणी आणि माझा आकड्यांचा अभिमान

आयुष्यभर मी लॅबमध्ये बसले. साखर, क्रिएटिनिन, थायरॉइड... लोकांच्या रक्तातले आकडे काढणं हा माझा धंदा. पेशंट क्वचित भेटायचा, त्याच्या रक्ताची नळी, आमच्या भाषेत बल्ब, रोज भेटायची. आकडा बरोबर आला की आपलं काम संपलं, पुढचं डॉक्टर बघतील, अशी माझी निश्चिंत समजूत होती. मग स्मृतिभ्रंशासाठीच्या प्रथिनांच्या चाचण्या आल्या. आधी पाठीतल्या पाण्यावरच्या, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवावरच्या, नंतर रक्तावरच्या. आम्ही फक्त सॅम्पल गोठवून मोठ्या लॅबकडे धाडायचो, पण रिपोर्ट आमच्या हातून जायचा आणि तो वाचून घरच्यांना काही कळायचं नाही. त्यामुळे ते माझ्या टेबलासमोर येऊन बसायला लागले. त्या बसण्या-बोलण्यातून मला जे उमगत गेलं ते हे असं. क्रमाला काही अर्थ नाही.

१. इथे आकडा कमी येणं ही वाईट बातमी असू शकते. आमच्या धंद्यात रोग म्हणजे बहुधा वाढ: साखर वाढते, क्रिएटिनिन वाढतं, युरिक ॲसिड वाढतं. अल्झायमरमध्ये मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, हे तर कॉलेजात पाठ केलेलं. मग पाठीतल्या पाण्यातही ते वाढलेलं सापडेल, असंच कुणालाही वाटणार. प्रत्यक्षात त्याचा ४२ अमिनो आम्लांचा जो चिकट प्रकार आहे, तो पाण्यात घटतो, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतो. वरच्या शेतकऱ्यानं बांध घातला की खालच्या ओढ्याचं पाणी आटतं, तसं हे. मेंदूत जे अडकलं ते खाली उतरतच नाही. टाऊ नावाचं दुसरं प्रथिन मात्र शिरस्त्याप्रमाणे वाढतं. म्हणजे एकाच कागदावर एक आकडा खाली, दुसरा वर, आणि दोघांचं म्हणणं एकच. त्यात आणखी एक गुणोत्तर असतं. कुणाच्या मेंदूत अमायलॉइड मुळातच कमी तयार होतं, कुणाच्या जास्त. म्हणून ४२च्या प्रकाराला त्याच्या ४०वाल्या भावानं भागतात. हा भाऊ भरपूर असतो आणि फारसा घटत नाही. एका सूनबाईंनी रिपोर्ट हातात घेतला, 'अमायलॉइड तर कमीच आहे की!' म्हणाल्या आणि सुटकेचा श्वास सोडला. त्यांना खरं काय ते सांगायचं काम माझ्यावर आलं. बायोकेमिस्ट्रीच्या कुठल्याही पुस्तकात त्याची रीत दिलेली नाही.

२. बल्बची भिंत प्रथिन धरून ठेवते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. पाणी काढायचं म्हणजे माणसाला कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात आणि कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधून सुई घालतात. 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो' ही भीती घरोघरी आहे. पण मज्जारज्जू त्या जागेच्या बराच वर संपलेला असतो. शरीरात हे पाणी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं आणि रोज पाचशेच्या आसपास नवं तयार होतं. आपण घेतो ते दहा-पंधरा. नंतर डोकं दुखू शकतं, पडून राहावं लागतं, एवढं खरं. हे झालं पेशंटचं. माझी अडचण पुढची. थेंब थेंब उतरणारं ते नितळ पाणी ज्या बल्बमध्ये पडतं, तो काचेचा किंवा पॉलिस्टायरीनचा असेल, तर अमायलॉइड त्याच्या भिंतीला चिकटून बसतं. पॉलिप्रॉपिलीनला तुलनेनं कमी चिकटतं. एका बल्बमधून दुसऱ्यात ओतलं की आणखी थोडं भिंतीवर जातं. बल्ब अर्धाच भरला तर तेवढ्याच पाण्याला भिंत जास्त लागते. मेनिंजायटिसचं पाणी आम्ही वर्षानुवर्षं हाताला लागेल त्या बल्बमध्ये घेतलं आणि काही बिघडलं नाही, कारण तिथे पेशी मोजायच्या असतात, साखर बघायची असते. इथे मात्र चुकीच्या प्लास्टिकमुळे धडधाकट माणसाला कागदावर अल्झायमर होऊ शकतो. तेव्हापासून पॉलिप्रॉपिलीनचे बल्ब मी माझ्या कपाटात, कुलपात ठेवते. वॉर्डातली मुलं हसतात. हसू देत.

३. जे मोजायचं ते इतकं कमी असू शकतं, याची मला कल्पना नव्हती. एका मिलिलिटर रक्तात अल्ब्युमिन साधारण चाळीस मिलिग्रॅम असतं. अल्झायमरसाठी सध्या सगळ्यात बोलबाला आहे त्या पी-टाऊ २१७ चं, म्हणजे टाऊच्याच एका प्रकाराचं, प्रमाण एका पिकोग्रॅमच्याही आत. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. मेंदूतून रक्तात झिरपलेलं एवढंसं प्रथिन त्या अल्ब्युमिनच्या गर्दीतून शोधायचं! रक्ताच्या चाचणीचा नाद सोडा, असं शहाणी माणसं म्हणत, त्यात मीही होते. मग २०१० च्या सुमारास एकेक रेणू मोजण्याचं तंत्र आलं. प्रथिन पकडणारे बारीक मणी अशा खळग्यांत बसवायचे, जिथे एका खळग्यात एकच मणी मावेल, आणि किती खळगे उजळले ते मोजायचं. बस्स. मास स्पेक्ट्रोमीटरवालेही दुसऱ्या बाजूनं तिथेच पोचले. हे वाचलं की मला डॉ. अलॉइस अल्झायमर आठवतात. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात पन्नाशीतली एक बाई, ऑगस्टे डेटर, त्यांच्याकडे आली. तिच्या मेंदूत काय साचलंय ते बघायला त्यांना ती जाईपर्यंत, म्हणजे १९०६ पर्यंत, थांबावं लागलं. चांदीच्या क्षारानं रंगवलेले मेंदूचे काप, आणि त्यात बाहेर साचलेला गाळ (अमायलॉइड) व पेशींच्या आतला गुंता (टाऊ). बीटा-अमायलॉइड वेगळं करून ओळखायला पुढे १९८४ उजाडलं. आणि आता तोच गाळ आणि तोच गुंता कोपराच्या शिरेतून ताडायचा. जुन्या माणसाला गंमत वाटणारच.

४. माझं लाडकं क्रिएटिनिन इथे माझ्याच पायात आलं. मूत्रपिंड मंद झालं, म्हणजे क्रिएटिनिन वाढलं, की रक्तातलं पी-टाऊही वाढलेलं दिसतं, मेंदूत अमायलॉइड असो वा नसो. वजन जास्त असेल तर उलट आकडा थोडा खाली येतो, बहुधा रक्ताचं आकारमान जास्त म्हणून. आता स्मृतिभ्रंशाची शंका कुणाबद्दल येते? सत्तरी ओलांडलेल्यांबद्दल. मधुमेह, रक्तदाब आणि किडनी कुरकुरणारी असते ती कुणाची? त्यांचीच. म्हणून अशा रिपोर्टखाली मी आता पेनानं लिहिते, 'क्रिएटिनिन बघून वाचावे.' डॉक्टरांना माझं अक्षर कळतं की नाही, देव जाणे.

५. चाचणी प्रथिन शोधते, आजार नव्हे. हे वाक्य मी लोकांना फार सफाईनं सांगायचे. त्याचा अर्थ मला कळला तो आमच्या टेकडीवरच्या ग्रुपमुळे. सकाळी फिरणारी, पासष्टी-सत्तरीतली, खणखणीत मंडळी. अल्झायमरच्या रक्तचाचणीची बातमी कुणीतरी फॉरवर्ड केली आणि दुसऱ्या दिवशी चढणीवरच घेराव: 'मॅडम, आमची पण करून टाका. फुल बॉडी चेकअपमध्ये टाका ना.' तिथेच, धापा टाकत, मी त्यांना हिशोब मांडून दाखवला. समजा, चाचणी शंभर आजाऱ्यांपैकी नव्वद बरोबर पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी नव्वद बरोबर सोडते. मेमरी क्लिनिकमध्ये आलेल्या शंभरांत पन्नासांच्या मेंदूत खरंच अमायलॉइड असेल, तर ४५ खरे पॉझिटिव्ह निघतील आणि ५ खोटे. टेकडीवरच्या शंभरांत ते दहांच्याच मेंदूत असेल, तर ९ खरे आणि ९ खोटे. तीच चाचणी, तोच बल्ब, तीच मी; पण टेकडीवर पॉझिटिव्हचा अर्थ छापा-काटा.

बरं, ते खरे नऊ तरी आजारी असतात का? २०१५ मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर स्मरणशक्ती शाबूत असलेल्यांतही पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत ४४ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड होतं. अमेरिकेतल्या ६७८ ख्रिस्ती जोगिणींवर डेव्हिड स्नोडन यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यातल्या सिस्टर मेरी शंभरी ओलांडून, शेवटपर्यंत बुद्धी तल्लख ठेवून गेल्या. मेंदू उघडला तर गाळ आणि गुंता दोन्ही भरपूर. त्या ४४ टक्क्यांतल्या किती जणांना मी उगाच रात्रभर जागं ठेवलं असतं! टेकडीवरच्या एका काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'पण तुम्ही तुमची केलीत का?' नाही केली. चष्मा फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात सापडला त्या दिवशी हात मात्र शिवशिवले होते. माझीच लॅब, माझाच फ्रीजर, शिवाय स्टाफला सवलत. नाही केली. त्यामागे शास्त्र किती आणि भित्रेपणा किती, याचं गुणोत्तर अजून काढलेलं नाही.

६. 'सांगता येत नाही' हेही उत्तर आहे. 'बॉर्डरलाइन' या शेऱ्याचा मला पूर्वी राग यायचा. यंत्र एवढं महाग, मग हो-नाही काय ते सांगा की. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं मे २०२५ मध्ये अल्झायमरसाठीची पहिली रक्तचाचणी मंजूर केली. पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड ४२ यांचं गुणोत्तर, आणि तेही पंचावन्नच्या पुढच्या, ज्यांना आधीच त्रास होतोय अशांसाठीच. तिच्या अभ्यासात ४९९ जणांचं रक्त होतं. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्के लोकांच्या मेंदूत पेट स्कॅननं किंवा पाठीतल्या पाण्यानंही अमायलॉइड दाखवलं, निगेटिव्ह आलेल्यांपैकी ९७.३ टक्क्यांत ते नव्हतं. आकडे झकास आहेत. पण ते झकास दिसतात कारण मधला एक पट्टा बाजूला काढलाय. तिथे यंत्र सरळ हात वर करतं. वीस टक्क्यांहून कमी, पण होते तसे लोक. ज्या चाचणीला असा मधला पट्टाच नाही, तिच्याकडे मी आता जरा संशयानं बघते.

७. सगळ्यात समाधान देणारे रिपोर्ट स्वस्तातल्या चाचण्यांचे असतात. बी-१२, टीएसएच, सोडियम. शाकाहारी घरांतून आलेल्या म्हाताऱ्यांचं बी-१२ कधी कधी इतकं खाली असतं की यंत्रानं दिलेल्या 'पेक्षा कमी'च्या चिन्हाकडेच बघत राहावं. एक आजी अशाच 'साठी बुद्धी नाठी' म्हणून घरच्यांनी सोडून दिलेल्या. बी-१२ची इंजेक्शनं झाली, कानाचं यंत्र आलं, आणि दिवाळीला त्यांनी सुनेच्या चकलीत मोहन कमी पडल्याचं सांगितलं. सून तक्रार करत आली होती, पण तोंडभर हसत होती. सगळ्यांचं असं होत नाही. पण पिकोग्रॅमच्या मागे लागण्याआधी हे बघायचंच. या आधी बघायच्या यादीत पडल्यामुळे डोक्यात साकळलेलं रक्तही आलं, आणि नैराश्यही.

८. एखादं प्रथिन कुठला आजार ते सांगत नाही, तरी उपयोगी पडतं. न्यूरोफिलामेंट लाइट हे मज्जातंतूंच्या आतल्या सांगाड्याचं प्रथिन. तंतू मोडला की पाण्यात आणि रक्तात उतरतं. मोडला कशानं, त्याचा पत्ता नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस असो, मोटर न्यूरॉनचा आजार असो, डोक्याला मार असो, सगळ्यांत वाढतं, आणि वयानंही आपलं आपण वाढत राहतं. मी त्याला बिनकामाचं म्हणून मोकळी झाले होते. मग एक पन्नाशीतले गृहस्थ आले, म्हणजे त्यांना आणलं. स्मरणशक्ती ठीक, पण माणूसच पालटलेला. देणगी मागायला आलेल्याला हाकललं, डबेच्या डबे गोड संपवतात, बायको आजारी पडली तरी ढिम्म. घरात दोन तट: मुलगा म्हणतो डिप्रेशन, भाऊ म्हणतो माज. डॉक्टरांना शंका मेंदूच्या पुढच्या भागाच्या स्मृतिभ्रंशाची. मनाचा आजार की मेंदू झिजतोय, या एका प्रश्नात न्यूरोफिलामेंट बरीच दिशा देतं. त्यांचं वयाच्या मानानं खूप वर होतं. पुढे स्कॅन वगैरे सगळं झालं. पण 'माज नाही, आजार आहे' हे त्या भावानं ऐकलं ते माझ्या टेबलासमोर. मान खाली घालून तो बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिला.

९. रिपोर्टवर ज्याचं नाव असतं त्याच्याशी कुणी बोलतच नाही. 'मॅडम, त्यांना काही सांगू नका हं,' हे मी इतक्यांदा ऐकलंय की ते सहीखाली छापून घ्यावं. 'अस्तु' सिनेमातले मोहन आगाशेंचे स्मृतिभ्रंश झालेले चक्रपाणि शास्त्री सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. आमच्या अप्पांचं तसं होणार का, हे अप्पा शेजारी बसलेले असताना मला विचारतात. आणि हे अप्पा! बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, सुरुवातीच्या टप्प्यातले. लेक चहा आणायला गेल्यावर त्यांनी मलाच विचारलं, 'काय निघालं?' मी म्हटलं, ते डॉक्टर सांगतील. 'तुम्ही पण डॉक्टरच आहात ना? पाटीवर लिहिलंय.' मग सांगितलं, जेवढं कागदावर होतं तेवढं. त्यांनी खिशातून डायरी काढली, पानावर रेघ मारली आणि एकाखाली एक लिहिलं: लॉकर, नॉमिनी, मृत्युपत्र, स्कूटर विकणे. स्कूटरपाशी पेन थांबलं. मग त्यापुढे प्रश्नचिन्ह केलं. त्या वेळी त्यांना जे ठरवता येत होतं ते दोन वर्षांनी येईलच असं नव्हतं, आणि त्या खोलीत हे सगळ्यात आधी त्यांनाच समजलं. लेक परत आली तेव्हा डायरी खिशात गेलेली होती.

१०. औषध आलं की चाचणीचं वजन बदलतं. पूर्वी आमच्या रिपोर्टचा उपयोग 'नक्की काय आहे ते कळलं' एवढाच होता. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत लेकानेमॅबला पूर्ण मंजुरी मिळाली, वर्षभरानं डोनानेमॅब आलं. दोन्ही मेंदूतलं अमायलॉइड धुवून काढतात. त्यामुळे देण्याआधी ते तिथे आहे हे सिद्ध व्हावं लागतं, आणि मग आमच्या बल्बला भाव आला. फायदा किती? लेकानेमॅबच्या अभ्यासात अठरा महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. थांबली नाही, गेलेलं परत आलं नाही. काहींच्या मेंदूला सूज येते, बारीक रक्तस्राव होतात, म्हणून मधूनमधून एमआरआय. लोकांना मी हे २७ टक्के सांगते तेव्हा त्यांना ७२ ऐकू येतात. पुन्हा सांगते.

११. ही चाचणी परत परत करायची नसते, हे पटवणं सगळ्यात कठीण. मधुमेहानं आपल्याला दर तीन महिन्यांनी आकडा बघायची सवय लावली आहे. 'पुढच्या वर्षी पुन्हा करू ना, किती वाढलाय ते कळेल?' एरवी असा प्रश्न आला की लॅबवाल्याचं मन खुलतं. पण पाठीतल्या पाण्यातलं अमायलॉइड ४२ त्रास सुरू होण्याच्या कितीतरी आधी घटतं आणि मग जवळपास तिथेच बसून राहतं. आजार पुढे सरकतो, आकडा हलत नाही. अप्पांच्या लेकीलाही हेच सांगितलं. सुई पुन्हा टोचण्याऐवजी घरात एक वही ठेवा: औषधं स्वतःहून घेतात का, सुटे पैसे मोजून देतात का, नेहमीच्या रस्त्यावर अडखळले का, रात्री उठून कपडे करतात का. तारीख टाकून, दोन ओळी. ती म्हणाली, 'म्हणजे आता तपासणी आम्हीच करायची?' बरीचशी हो. वही कुणी लिहायची यावर मग बाहेरच्या बाकावर भावा-बहिणीची जुंपली, आणि मी पुढचं नाव पुकारलं.